राखून ठेवलेलं वाक्य

बहिणीच्या त्या पत्राला त्याने चौदा वर्षं उत्तर दिलं नव्हतं, आणि तो ते विसरलाही नव्हता. विसरला असता तर बरं झालं असतं. विसरभोळ्या माणसाला निदान साधा तरी म्हणता येतं. त्याला सगळं लख्ख आठवत होतं. फिकट निळा कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला, तिचं ते शाळेच्या फळ्यावरून उतरून आल्यासारखं उभट अक्षर, आणि मधल्या एका ओळीखाली तिनेच पट्टी धरून मारलेली रेघ. आई शेवटी काय म्हणाली, एवढंच तिने विचारलं होतं. 'तू होतास तिथे. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. जे म्हणाली तेच सांग, तुझ्या पद्धतीने नको.' पत्र हातात पडलं तेव्हा त्याने ठरवलं, रविवारी निवांत बसून लिहू. मग वाटलं, असलं उत्तर घाईने लिहिण्यासारखं नाही. आणि मग, साधारण तिसऱ्या आठवड्यात, खरं कारण त्याच्या मनात हळूच येऊन बसलं. आईचं वाक्य चांगलं होतं. फार चांगलं होतं. आणि पत्राला वाचक एकच असतो. असलं वाक्य एका बाईच्या पदरात टाकायचं, तिने ते दोनदा वाचून, डोळे पुसून कपाटात ठेवून द्यायचं, ही त्याला शुद्ध उधळपट्टी वाटली. आधी गोष्टीत वापरू, छापून येऊ दे, मग तिला अंक पाठवू, असं त्याने स्वतःला सांगितलं. ही तडजोड त्याला तेव्हा फार समजूतदारपणाची वाटली होती.

आज सकाळी तिचा फोन आला. बायकोने घेतला, दोन मिनिटं गुडघ्यांविषयी बोलली आणि त्याच्यापुढे धरला. तो टेबलाशी एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर काहीतरी टिपत होता. फोनवर बोलताना तो नेहमी पेन हातात ठेवायचा, न जाणो समोरचा माणूस एखादं कामाचं वाक्य बोलून जायचा.

"दादा, माझं एक पत्र तुझ्याकडे आहे," ती म्हणाली.

"कुठलं गं?"

"उगाच कुठलं म्हणू नकोस. निळं. ते परत पाठव."

"अगं, मी लिहिणारच होतो तुला."

"उत्तर नकोच आहे मला आता. पत्र पाठव. घर आवरतेय. लेकीकडे जातेय राहायला, तिथे माझ्या वाटणीला एक खोली. सगळं निकालात काढायला बसलेय. तुझी पुस्तकं वाचनालयाला दिली. त्यातली दोन त्यांनी परत केली. म्हणाले, आहेत आमच्याकडे, पण कोणी नेत नाही."

तो हसला. असं हसणं त्याने बऱ्याच वर्षांच्या सरावाने कमावलं होतं. "शोधतो. सापडलं तर..."

"सापडणार नाही तर जाईल कुठे? तुझे दुधाचे दातसुद्धा असतील कुठल्यातरी खोक्यात, तारीख घालून."

"पण तुला हवंय कशाला?"

"फाडायला," ती म्हणाली. "मी काहीतरी मागितलं आणि ते तुझ्या घरात चौदा वर्षं लोळत पडलंय, हे मला आता चालत नाही. त्याची गोष्टबिष्ट केली असशील तर आत्ताच सांग."

"नाही केली."

"हं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. त्या 'हं'मध्ये राग नव्हता. शाळेत ती चाळीस वर्षं वह्या तपासत आली होती. न लिहिलेल्या उत्तरापुढे मास्तरीण जशी शून्य घालून पुढच्या वहीकडे वळते, तसा तो 'हं' होता. फोन खाली ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण लग्नपत्रिकेवर 'वह्या, शून्य' असं लिहून ठेवलंय. उपमा बरी होती. त्याला किळस आली, पण पत्रिका त्याने टाकली नाही.

आतल्या खोलीत भिंतीला लावून बुटांचे तेवीस खोके होते. लग्नानंतर काही वर्षांनी बायकोने त्यांच्याकडे बघून म्हटलं होतं, "एवढे बूट तुम्ही खरंच घातले असते ना, तर जग पालथं घालून आला असतात." प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी होती: पाऊलवाटा. बायका. संध्याकाळ. भांडणं. मृत्यू, लहान. मृत्यू, मोठे. गोष्टीतून, कादंबरीतून, लेखांतून जे जे कापलं गेलं ते सगळं त्याने कात्रीने नीट कापून यांत ठेवलं होतं, कारण कागदावर एकदा उतरलेलं काहीही टाकून देणं त्याला अन्न टाकल्यासारखं वाटे. एका कादंबरीतून काढलेला न्हावी गेली बत्तीस वर्षं 'इतर पुरुष'मध्ये वाट बघत बसला होता. त्याने त्या न्हाव्याला चार गोष्टींत शिरवून पाहिलं. चारही वेळा संपादकांनी त्याला दाराबाहेर काढलं, आणि एकाने समासात लिहिलं, 'हा गृहस्थ कोण?' तरी न्हावी खोक्यात शाबूत होता, वस्तऱ्यासकट. वेळेचंही तसंच. दाताच्या डॉक्टरच्या बाकावर, वीजबिलाच्या रांगेत, लग्नाच्या बोहल्यावर मुहूर्ताची वाट बघताना त्याने लिहिलं होतं. बायको बाळंतपणाच्या खोलीत असताना त्याने बाहेर बसून एका पुस्तकाचं परीक्षण पुरं केलं होतं. फालतू पुस्तकाचं फालतू परीक्षण, ज्यातलं एक अक्षरही कोणाला आठवत नव्हतं, खुद्द त्यालाही नाही. मुलगी जन्मल्याचं सांगायला बायकोची आई बाहेर आली तेव्हा त्याने एक बोट वर करून तिला थांबवलं होतं. वाक्य पुरं व्हायचं होतं. सासूबाईंनी ते बोट मरेपर्यंत प्रत्येक पाहुण्याला करून दाखवलं.

आणि या एवढ्या काटकसरीतून काय निघालं? अकरा पुस्तकं, अंगाने सगळी किडकिडीत, वाचनालयात दुसरी प्रत नको असलेली. मध्यंतरी एका सभेत एक तरुण कादंबरीकार व्यासपीठावरून म्हणाला होता की आपण तीनशे पानं फाडली तेव्हा कुठे ही दीडशे हाती लागली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. तो शेवटच्या रांगेत खांबाआड बसला होता आणि मनात म्हणाला होता, तीनशे पानं फाडलीस म्हणजे तीनशे पानं भिकार लिहिलीस, त्यात टाळ्या कसल्या? घरी येईपर्यंत हा टोमणा त्याला फार आवडत होता. जिना चढताना मात्र वाटलं, त्या पोराला निदान भिकार काय ते ओळखता येतं. आपल्याला तेवढंही येत नाही, म्हणूनच आपण सगळं ठेवतो. ज्याला आपल्या दाण्यांची खात्री नसते तोच फोलपटं राखत बसतो. हाही टोमणा चांगला होता, आणि तोही त्याने टिपून ठेवला होता.

पत्र 'मृत्यू, मोठे'मध्ये सापडलं. ते बाहेर काढताना त्याला ठाऊक होतं की त्यावर काय असणार, तरी पाहिल्यावर कानशिलं तापली. पेन्सिलीच्या खुणा. बहिणीने लिहिलं होतं, 'मी आले तेव्हा तिचा चष्मा घडी करून ठेवला होता, जसा ती झोपताना ठेवायची,' आणि त्या ओळीपुढे समासात त्याची फुली होती. फुली म्हणजे वापरण्याजोगं. एका पानावर तीन फुल्या. आईला जाऊन महिनाही झाला नव्हता आणि तो बहिणीच्या रडण्यातून वेचणी करत होता, मंडईत हाताने दाबून फळं निवडावीत तशी.

पत्राखाली, टाचणीने एकत्र लावलेल्या, आईच्या त्या वाक्याच्या सात चिठ्ठ्या होत्या.

सगळ्यात खालची चिठ्ठी त्या दुपारची. दवाखान्याचा तिसरा मजला, खिडकीला अर्धा हिरवा पडदा, कॉटच्या लोखंडाचा रंग उडालेला. आई दोन दिवस बोलली नव्हती. चारच्या सुमाराला तो खुर्चीत बसून तिला हाक मारत होता, वाट बघून कंटाळल्यामुळे मारत होता खरं तर, आणि तिने डोळे न उघडता म्हटलं, "हाका नको मारूस. निम्म्यात आलेय मी." त्याच्या अंगावर काटा आला. त्या काट्यात शोक किती आणि हाव किती, हे त्याने तेव्हा तपासलं नाही. खिशात कागद नव्हता. नेमका त्याच दिवशी नव्हता. वाक्य सांडेल या धास्तीने तो उठला, ओठांतल्या ओठांत ते घोकत बाहेर गेला, दाराशी बसलेल्या माणसाकडून कागद मागून घेतला आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहून काढलं. तेवढ्यावर परत जाता आलं असतं. पण 'निम्म्यात' बरं की 'अर्ध्या वाटेवर' बरं, असा एक प्रश्न डोक्यात आला. समोरून चाकांची खुर्ची कुरकुरत गेली. कुठेतरी फिनेलची बादली सांडली होती. तो बाकावर वीस मिनिटं बसला. हा आकडा तो मनाशीसुद्धा कधी पंधरा करायचा, कधी दहा. पण होती ती वीसच.

परत आला तेव्हा नर्स आईच्या उशाशी उभी होती, पडदा पूर्ण ओढलेला. जाड भिंगांचा चष्मा घातलेली प्रौढ बाई होती. "आत्ताच गेल्या," ती हळू म्हणाली. मग दोन पावलं त्याच्याजवळ आली. "तुम्ही बाहेर होतात तेव्हा शुद्धीवर आल्या होत्या. चांगल्या बोलल्या माझ्याशी. त्यांनी तुमच्या बहिणीला..."

त्याने हाताचा पंजा वर केला.

"आता नको," तो म्हणाला.

तिला तो शोक वाटला. तिने मान हलवली, त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि गेली. ज्या शोकाला मान देऊन ती गप्प राहिली तो तिथे नव्हताच. त्याच्याकडे शेवटचं वाक्य होतं. तयार, घट्ट, छापण्याजोगं. त्यानंतर आणखी एक वाक्य आलं असतं, तेही आईचं नेहमीचं, अडखळतं, बहिणीविषयीचं, कदाचित एखाद्या चादरीबद्दल किंवा किल्लीबद्दल, तर शेवट बिघडला असता. चांगल्या शेवटानंतर लेखकाने बोलत राहू नये, हे तो नवोदितांना सांगत आला होता. त्याने आपल्या आईला तो नियम लावला.

दोन दिवसांनी जाऊन नर्सला विचारता आलं असतं. वर्षाने विचारता आलं असतं. आता ती निवृत्त झाली असेल, किंवा नसेलही या जगात. आणि असली तरी हजार म्हाताऱ्यांच्या हजार निरोपांतून हाच एक तिने कशाला राखला असेल? तो निरोप ज्याने राखायचा त्याने हात वर केला होता. त्याने आयुष्यात टाकून दिलेली एवढी एकच गोष्ट. आणि राखलेल्या त्या वाक्याचं तरी काय झालं? सात गोष्टींत त्याने ते घालून पाहिलं. कुठल्याच गोष्टीत ते बसेना. आजूबाजूची पात्रं त्याच्यापुढे कागदी वाटत, म्हणून मग तो वाक्यालाच तासून गोष्टीच्या मापाचं करी. तासता तासता सातव्या चिठ्ठीपर्यंत पोचला होता.

"सापडलं का हो?" बायको दारात आली. खोक्यांमध्ये जमिनीवर बसलेला तो, मांडीवर चिठ्ठ्या. तिने चष्मा डोळ्यांवर घेऊन वरची चिठ्ठी उचलली. "'जिला मागून हाका येतात, तिला पुढची वाट दिसत नाही.' हे कोण बोललं?"

"आई."

"आमच्या सासूबाई?" तिला हसू फुटलं, ते तिने पदराने दाबलं. "अहो, भाजीत मीठ नाही एवढं सांगायला त्यांना तीन ठिकाणी थांबावं लागायचं. हे वाक्य तुमचं आहे. आणि तुमच्यातलंही काही खास नाही."

"हे बघ मग," त्याने तळची चिठ्ठी पुढे केली.

तिने ती वाचली. या वेळी हसली नाही. "हो. हे त्यांचं," ती म्हणाली. "निम्म्यात. निम्म्यातच म्हणायच्या त्या. मग पाठवा ना हे वन्संना. चौदा वर्षं काय अंडी उबवत बसला होतात यावर?"

"पाठवू?"

"म्हणजे? शेवटचं हेच ना?"

तो मांडीवरच्या चिठ्ठ्या सारख्या करत राहिला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्याच्या गप्प बसण्याचे सगळे प्रकार तिला ओळखू येत होते. मग चिठ्ठी त्याच्या मांडीवर परत ठेवून म्हणाली, "मला सांगू नका. मला नाही विचारलेलं कोणी," आणि निघून गेली.

तो टेबलाशी बसला. एक सोपी वाट समोर होती. वाक्य खरं होतं, आईचं होतं, त्याच दिवसाचं होतं. वीस मिनिटांचाच काय तो प्रश्न. बहीण सुखावेल. कोणाचं काही बिघडणार नाही. त्याने लिहायला घेतलं आणि आश्चर्य म्हणजे हात सरसर चालू लागला, गेल्या कित्येक महिन्यांत चालला नव्हता तसा. कॉट आली, हिरवा पडदा आला, आईचा हात आला. दुसऱ्या पानावर खिडकीतला उजेड उतरायला लागला आणि तिथे वाक्य जरा लंगडं पडलं. त्याने उठून 'संध्याकाळ' हा खोका काढला. बरोबर बसेल अशी एक संध्याकाळ त्यात होती हे त्याला आठवत होतं. तीस वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीतली, गोदामाच्या पत्र्यांवर उतरणारी, राखाडी आणि तांबूस. बोटांनी तो चिठ्ठ्या चाळत होता. तांबूस, तांबूस. आणि तसाच, कमरेत वाकलेला, खोक्यात मनगटापर्यंत हात घातलेला, तो स्वतःला दिसला. आईच्या मरणाला तो गोदामावरचा उजेड शोधत होता. 'तुझ्या पद्धतीने नको' असं जिने रेघ मारून लिहिलं होतं तिच्यासाठी. त्याने हात बाहेर काढला. हाताला जुन्या कागदांची भुकटी लागली होती. ती त्याने पायजम्याला पुसली, पुन्हा पुसली.

मग त्याने नवा कागद घेतला. या वेळी हात चालेना. एकेक शब्द दगड उचलून ठेवल्यासारखा ठेवावा लागत होता. शब्द दिसायला सुंदर नव्हते, आणि ते सुधारायची खाज बोटांना सुटत होती, मधमाशी चावल्यासारखी. त्याने लिहिलं:

'तुझं पत्र सोबत पाठवतोय. त्यावर पेन्सिलीच्या फुल्या आहेत त्या माझ्या. गोष्टीसाठी केलेल्या. खोडलेल्या नाहीत.

आई शेवटी काय म्हणाली ते मला माहीत नाही. त्याआधी ती मला म्हणाली, हाका नको मारूस, निम्म्यात आलेय मी. ते लिहून घ्यायला मी बाहेर गेलो. वीस मिनिटं बाहेर होतो. तेवढ्यात ती शुद्धीवर आली, नर्सशी बोलली आणि गेली. नर्स मला सांगायला लागली, त्यांनी तुमच्या बहिणीला. एवढंच मी ऐकलं. पुढे मी तिला बोलू दिलं नाही. मला माझं वाक्य मिळालं होतं आणि दुसरं नको होतं.

ते तुझं होतं. ते मी घालवलं. परत मिळवायची सोय नाही.

दादा'

वाचून पाहायचा मोह त्याने टाळला. वाचलं असतं तर 'घालवलं'च्या जागी दुसरा शब्द शोधला असता, मग दुसऱ्यासाठी तिसरा, आणि आठवी चिठ्ठी तयार झाली असती. त्याने निळं पत्र आणि तळची चिठ्ठी आत सरकवून पाकीट चिकटवलं. पत्ता लिहिला. बाहेर पडताना बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "खिशात घालून विसरू नका म्हणजे मिळवली. की मी येऊ सोबत?"

"नको."

पत्रपेटी चौकाच्या पलीकडे, चाव्यांच्या दुकानाला टेकून उभी होती. भर दुपार. चावीवाला यंत्रावर पितळ घासत होता आणि तो कर्कश आवाज रस्त्याभर पसरला होता. चालताना त्याला हलकं वगैरे वाटलं नाही. बहीण हे उभ्यानेच वाचेल, बांधलेल्या खोक्यांच्या मध्ये. पुन्हा फोन करणार नाही, बहुतेक कधीच करणार नाही. ज्याने काहीच लिहिलं नाही असा भाऊ परवडतो. हे लिहिणारा भाऊ कोणाला हवा असेल? परत फिरावं. अजून वेळ आहे. निळं पत्र तेवढं वेगळ्या पाकिटात घालून पाठवावं, तिने मागितलंय तेवढंच तर द्यायचंय.

तो पेटीपाशी उभा राहिला. पाकीट फटीत अर्धं घातलं. आणि तेवढ्यात, अगदी नको तेव्हा, ते आलं. 'ते मी घालवलं' याच्या जागी बसणारं वाक्य. पूर्ण नव्हे, त्याची चाल, त्याचं सुरुवातीचं वजन. त्यात नर्स होती आणि वर केलेला हात होता, आणि ते खरोखर चांगलं असणार होतं, गेल्या कित्येक वर्षांत सुचलं नव्हतं इतकं. त्या वाक्याने तिला कदाचित क्षमाही करता आली असती. बोटं पाकिटावर घट्ट झाली. डावा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला.

"काका, टाकताय की नाही?" मागून एक बाई म्हणाली. तिच्या हातात पाकिटांचा गठ्ठा होता. "बँक बंद होईल माझी."

वाक्य आता क्रियापदाजवळ आलं होतं. ते पुरं व्हायच्या आत त्याने पाकीट सोडून दिलं.